न चाखता केलेली सही

चिडायचं नाही, असं डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय. बीपी आहे. पण अंबुबाईंची गोष्ट सांगायची आणि चिडायचं नाही, हे दोन्ही एकदम जमायचं नाही, तेव्हा गोळी घेऊनच बसलोय.

मी उद्धवराव. चाकणच्या अलीकडे, कंपन्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं लिपिक आहे. शाळेत लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात. पगारपत्रकं, दाखले, पोर्टल, पुस्तकांचे गठ्ठे, फुटलेला नळ, सगळं भाऊसाहेबांच्या गळ्यात. शाळेचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक म्हणतील, हीच शाळा तेवढी वाईट. तसं नाही हो. घरोघरी मातीच्या चुली.

अंबुबाई आमच्याकडे पोरांची खिचडी शिजवतात. इथल्याच, भामा नदीकाठच्या गावच्या. सासरची जमीन कंपन्यांत गेली, आता मुलगा त्याच जमिनीवरच्या गोडाऊनमध्ये कंत्राटी कामाला जातो. चौथी शिकलेल्या. साठीला टेकल्या तरी आवाज असा की शाळेची घंटा बिघडली तर कुणाला पत्ता लागणार नाही. चारशेच्या वर पोरांचा भात हातातल्या उलथन्याने फिरवतात आणि फिरवता फिरवता वाढायच्या ओळीत कोण ढकलाढकली करतोय तेही बघतात. "ए लांबट्या, माघारी हो! तुझं पोट काय पळून जातंय व्हय?"

त्यांचा स्वभाव कळायचा असेल तर चव रजिस्टरची गोष्ट ऐका. नियम असा आहे की पोरांना वाढण्याआधी एका शिक्षकाने अन्न चाखायचं, मग रजिस्टरमध्ये चव कशी होती ते लिहून सही करायची. नियम चांगला आहे. पण आमचे हेडसर सोमवारी सकाळी बसून अख्ख्या आठवड्याच्या सह्या करून मोकळे व्हायचे. सोमवार उत्तम, मंगळवार उत्तम, बुधवार उत्तम. गुरुवारचा तांदूळ अजून पोत्यात असायचा आणि त्याची चव उत्तम असायची.

अंबुबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी एका मंगळवारी काय केलं माहितीये? पोरांची खिचडी नीट केली, पण एका छोट्या पातेल्यात मिठाचा खडाही न घालता वेगळी काढून ठेवली. ती घेऊन थेट स्टाफरूममध्ये गेल्या आणि हेडसरांसमोर ताट ठेवलं. सरांनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अहो, मीठच नाही यात!" तशा अंबुबाई म्हणाल्या, "आसं कसं सर? तुमी तर कालच उत्तम लिवलंय."

मी दप्तरखान्यात जाऊन पोट धरून हसलो. त्या दिवसापासून सर चाखू लागले खरे, पण अंबुबाई त्यांच्या डोळ्यांत सलायला लागल्या.

आता दुसरी गोष्ट. या बाईला पोरांची नावं कमी ठाऊक, पण ताटं पाठ. कोण दोनदा घेतं, कोण वाटाणे वेचून ठेवतं, कोण डब्यात भरून धाकट्या भावासाठी नेतं. आणि कुणाचं ताट परत येतं. "भाऊसाहेब, सातवीच्या त्या पोराच्या घरी कायतरी बिनसलंय. चार दिस झालं, नुसता भात चिवडतोय." मी चौकशी केली की खरंच बाप नोकरी सुटून घरी बसलेला निघायचा. हे अंबुबाई स्टाफरूममध्येही जाऊन सांगायच्या, आणि आमचे शिकलेसवरलेले लोक हसायचे. "अंबुबाईंना आता पीएचडी द्या रे कुणीतरी." मीही हसलोय. खोटं कशाला बोलू?

सहावीच्या तेजलबद्दल त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते दिवाळीच्या सुट्टीनंतर. तेजल म्हणजे शाळेचं गुणी बाळ. आईबाप लातूरकडचे, दोघंही कंपनीत. बाप दादासाहेब फर्स्ट शिफ्टला, आई कस्तुरा सेकंड शिफ्टला. पाचवीत आमच्याकडे आली तेव्हापासून तिचा एकही खाडा नाही, एकही तक्रार नाही. मोत्यासारखं अक्षर. बोलायला लावलं तरच बोलणार. तिला सलग दोन वर्षं 'आदर्श विद्यार्थिनी'चं प्रमाणपत्र दिलंय आम्ही, आणि ते छापलंय मी.

"ती पोरगी जेवत न्हाई," अंबुबाई म्हणाल्या. "ताट घेती, भिंतीकडं तोंड करून बसती, दोन घास खाती आन् बाकीचं कुत्र्याला घालती. मला वाटलं चव आवडंना. तर तसं न्हाई. एकदा मी समूर बसले, तर म्हनली, आजी, पोटात जागाच नाही. अकरा वर्साच्या पोरीच्या पोटात जागा न्हाई म्हंजी तितं दुसरं कायतरी भरलंय, भाऊसाहेब."

मी म्हटलं, बघू. आपलं 'बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहेच.

मग जानेवारीत वरून ते परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांची भावनिक व मनोसामाजिक तपासणी. नाव केवढं मोठं! प्रत्येक पोरामागे एक फॉर्म, तीस प्रश्न. मूल एकटं राहतं का, लवकर रडतं का, विनाकारण पोट दुखतं म्हणतं का, असं. प्रत्येकापुढे तीन रकाने: कधीच नाही, कधीकधी, नेहमी. त्यांचे गुण शून्य, एक, दोन. बेरीज वीसच्या वर गेली की त्या पोराला समुपदेशक भेटणार. फॉर्म आईबापांनी भरायचा, शिक्षकांनी शेजारी बसून समजावून सांगायचं. मी वाचलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी पोरांच्या आत डोकावायचं म्हणतंय.

मुदत किती? पाच दिवस! शुक्रवारी संध्याकाळी पोर्टल बंद.

गुरुवारी अकराला पालकसभा लावली. आता सांगा, या पट्ट्यात सकाळी अकरा वाजता कोण आईबाप मोकळे असतात? फर्स्ट शिफ्टवाला मशिनवर उभा, थर्ड शिफ्टवाला नुकता झोपलेला. चारशे घरांतून सात माणसं आली, त्यातले दोघे दाखल्यासाठी आले होते. हेडसर म्हणाले, "आता काय करायचं ते करा, पण उद्या शंभर टक्के दिसलं पाहिजे. आपल्या केंद्रातल्या सगळ्या शाळांत आपण पहिले आलो पाहिजे."

मग जे व्हायचं तेच झालं. कागदी घोडे सुटले. बाकीच्या वर्गांत तर सरसकट 'कधीच नाही'वर खुणा पडल्या. सहावीच्या वर्गशिक्षिका वर्षाली मॅडम. बाई वाईट नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण वर्गात अठ्ठावन्न पोरं, वर मतदारयाद्यांचं काम, घरी तान्हं बाळ. त्यांनी काय केलं? वर्गातली पाच दंगेखोर पोरं निवडली आणि त्यांचे फॉर्म स्वतः रागारागात भरले. दंग्याच्या प्रश्नांना नेहमी, नेहमी, नेहमी. उरलेले त्रेपन्न फॉर्म दिले वर्गातल्या सगळ्यात सुंदर अक्षराच्या मुलीकडे. तेजलकडे. तिला सांगितलं, "सगळ्यांना 'कधीच नाही'वर खूण कर. मधूनमधून एखाददुसरं 'कधीकधी' टाक, म्हणजे खरं वाटेल."

बोंबला! म्हणजे जिला तपासायचं, तिलाच तपासनीस करून टाकलं.

पोरगी बिचारी दोन मधल्या सुट्ट्या अंबुबाईंच्या स्वयंपाकाच्या पायरीवर बसून फॉर्म भरत होती. जेवायचं बाजूलाच. अंबुबाई भांडी घासता घासता बघत होत्या. त्यांनी नंतर मला सांगितलं, "भराभरा भरत व्हती. कागद घ्येतला, टिकटिक केलं, ठिवला. मदीच एका कागदाला थांबली. लई येळ. एकेक वळ बोटानं वाचली. मी जवळ गेले तशी हातानं झाकला. तवा मी वरचं नाव वाचलं. तिचंच व्हतं."

शुक्रवारी दुपारी वर्षाली मॅडम गठ्ठा घेऊन माझ्याकडे आल्या. चाळता चाळता थांबल्या. "अय्या, भाऊसाहेब, हे बघा! या पोरीनं स्वतःच्याच फॉर्मवर चुकीच्या रकान्यात खुणा केल्यात. दमली असेल. जरा व्हाइटनर द्या."

मी दिलं. माझ्या टेबलाच्या खणातून काढून, हलवून, वर झाकण उघडून दिलं. मॅडमनी 'नेहमी'च्या रकान्यातल्या खुणा पांढऱ्या केल्या आणि 'कधीच नाही'त नवीन केल्या. मी कॉम्प्युटरवर भरलं: एकूण गुण शून्य. सहाला पोर्टल बंद झालं. सात वाजता ग्रुपवर मेसेज आला: आपली शाळा केंद्रात पहिली, शंभर टक्के तपासणी पूर्ण. खाली फुलांचे गुच्छ. मीही एक अंगठा टाकला.

सोमवारी अंबुबाई तांदूळ मोजून घ्यायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाऊसाहेब, त्या पोरीच्या कागदात काय हाय, ते मला वाचून दाखवा."

मी म्हटलं, "काही नाही हो. शून्य आहे."

"शून्य आसंल तर झाकला कशाला? काढा भाईर."

त्यांच्यापुढे कुणाचं काय चालतंय! मी गठ्ठ्यातून कागद काढला. पांढरे ठिपके वाळून खरखरीत झाले होते. अंबुबाईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि ट्यूबलाइटखाली उलटा धरला. पोरीने पेन दाबून खुणा केल्या होत्या. पाठीमागून एकूण एक दिसत होत्या. मी कागदावर बोट ठेवून मोजल्या. सतरा 'नेहमी'. चौतीस गुण. त्या पाच दंगेखोरांपैकी एकाचेही एवढे नव्हते. मी एकेक प्रश्न वाचत गेलो. जेवावंसं वाटत नाही: नेहमी. कुणाशी बोलू नये असं वाटतं: नेहमी. आणि एकविसावा प्रश्न: काही वाईट घडलं तर ते आपल्यामुळेच घडलं असं वाटतं. या खुणेला पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता.

अंबुबाई खाली बसल्या. मला म्हणाल्या, "पोरीनं कदी कुनाला काय मागितलं न्हाई. एकदा लिवून सांगितलं, तर तुमी शिकल्याली मानसं त्याच्यावर चुना लावून बसला. लाज वाटू द्या थोडी." मला वाटली लाज. अजून वाटते.

समुपदेशक मॅडम दुसऱ्याच दिवशी येणार होत्या. दहा ते दोन, एवढाच वेळ. त्यानंतर आमच्या शाळेची पाळी थेट जूनमध्ये. म्हणजे उद्या तेजल त्यांच्यासमोर बसली तर बसली, नाहीतर पाच महिने तिने कुत्र्याला खिचडी घालत राहायचं. अंबुबाई तो कागद घेऊन हेडसरांकडे गेल्या, मीही मागोमाग गेलो.

सरांनी कागद बघितलाही नाही. "पोर्टल बंद झालंय. यादी गेलीय. यादीत पाच नावं आहेत, ती पाच मुलं मॅडम बघतील."

मी म्हटलं, "सर, सहावं नाव तोंडी सांगू. एक पोरगी आत पाठवायला काय लागतं?"

"उद्धवराव, तुम्हाला कळतंय का? शून्य गुण भरलेली मुलगी आपण आत पाठवली, तर समुपदेशक बाई विचारतील, मग शून्य कसे भरले? चौकशी लागेल. आणि ती हुशार मुलगी आहे, स्कॉलरशिपला बसवायचीय. तिच्या कपाळावर वेडेपणाचा शिक्का मारायचा का?" मग अंबुबाईंकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही खिचडीचं बघा. प्रत्येकानं आपापलं काम करावं."

माझं डोकंच सणकलं. म्हणजे पोरगी आतल्या आत कुढून मेली तरी चालेल, पण आकडा नको हलायला! मी काहीतरी बोलणार तोच अंबुबाईंनी माझा हात ओढला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "त्यो कागद माज्याकडं द्या." सरकारी कागद दप्तराबाहेरच्या माणसाच्या हातात द्यायचा नसतो. मी दिला.

मंगळवारी समुपदेशक आल्या. स्वरूपा मॅडम, तिशीच्या आतबाहेर, पाठीला सॅक, स्कूटीवरून आलेल्या. त्यांना बसायला जागा कुठली दिली असेल? माझ्या दप्तरखान्यातच, फळीच्या पार्टिशनपलीकडे. पोरांच्या मनातलं ऐकायचं आणि इकडे भाऊसाहेबांच्या कानाला सगळं ऐकू यायचं! मी खुर्ची उचलून व्हरांड्यात जाऊन बसलो. तेवढी तरी अक्कल शिल्लक होती. साडेबारापर्यंत ती पाच पोरं एकेक करून आत गेली आणि बाहेर आली. सर दर अर्ध्या तासाने येऊन घड्याळ बघत होते. वर्षाली मॅडमना त्या खुणांचं मी सकाळीच सांगितलं होतं; त्याही एकदा येऊन गेल्या, माझ्याशी नजर न मिळवता.

साडेबाराला जेवणाची घंटा झाली. अंबुबाई पदर खोचून आल्या, हातात ते चव रजिस्टर. "म्याडम, पावन्यांनी चव घ्यायची आन् ह्यात लिवायचं, आशी सरकारची पद्धत हाय. पर पोरांच्या पंक्तीत बसून घ्यायची."

सर घाईने म्हणाले, "अहो, त्यांचं ताट आत आणा."

"आत कशाला? पोरांमदी बसल्याबिगर चव कळत न्हाई," अंबुबाई म्हणाल्या. स्वरूपा मॅडम हसल्या आणि उठल्या. अंबुबाईंनी त्यांना भिंतीपाशी नेलं. बसायची पट्टी आधीच टाकलेली होती. पट्टीवर एकटी तेजल बसली होती.

मॅडमनी दोन घास खाल्ले, छान आहे म्हणाल्या. शेजारच्या ताटाकडे त्यांचं लक्ष गेलं. पोरगी बोटाने भातात रेघा ओढत होती. मॅडमनी तिला काही विचारलं नाही, नुसत्या बसून राहिल्या. तेव्हा अंबुबाईंनी कमरेचा तो कागद काढला, मॅडमसमोर उलटा धरला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खिचडी चाखून सही करत्यात. ह्यो कागद कुनीच चाखला न्हाई, तरी सही झाली. तुमी चाखा."

हेडसर लाल झाले. "मॅडम, हा अंतर्गत विषय आहे. हिचं नाव यादीत नाही."

स्वरूपा मॅडमनी कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. मग सरांना अगदी हळू म्हणाल्या, "सर, यादी तुमच्याकडे राहू द्या. मला ही मुलगी हवीय." हात धुतले आणि तेजलला विचारलं, "येशील माझ्याबरोबर?" पोरीने आधी अंबुबाईंकडे बघितलं. अंबुबाई म्हणाल्या, "जा बाय. मी हितंच हाय."

एक वाजता त्या दोघी आत गेल्या. दोन वाजले, मॅडम उठल्या नाहीत. अडीचला बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, आईला बोलावता येईल का? खोल्या शाळेच्या मागेच होत्या. अंबुबाई स्वतः गेल्या आणि कस्तुराला घेऊन आल्या. ती कंपनीचा निळा कोट घालून शिफ्टला निघालेली. घाबरून दारातच म्हणत होती, "काय केलंय माझ्या लेकरानं? लई शाणी हाय हो ती. घरचं सगळं करती, एका शब्दानं उलटून बोलत न्हाई."

तीच तर गोची आहे, बाई! मूल शांत आहे, म्हणजे शहाणं आहे. आपण सगळे असंच म्हणतो. दंगा केला की आपल्याला काळजी, गप्प बसलं की प्रमाणपत्र.

कस्तुराला आत जाताना आधार पाहिजे होता, म्हणून तिने अंबुबाईंचा हात सोडला नाही. त्यामुळे अंबुबाईही आत बसल्या. कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवून गेली, कस्तुरा उठली नाही. चारच्या सुमाराला निरोप मिळून दादासाहेब कंपनीतून परस्पर आला, बूट दाराबाहेर काढून आत गेला. आत काय झालं ते मी अंबुबाईंच्या तोंडून ऐकलं, नंतर, भांड्यांच्या ढिगाशी बसून. एरवी मोठ्याने बोलणारी बाई, त्या दिवशी मला कान पुढे करावा लागला.

तेजलला एक धाकटा भाऊ होता. माऊली. तीन वर्षांचा. तेव्हा ही माणसं रहाटणीला चाळीत राहायची. पाणी दिवसाआड यायचं, म्हणून खोल्यांसमोर जमिनीखाली टाकी होती. एका सकाळी आईबाप दोघंही कामावर आणि तेजल घरी माऊलीला सांभाळत होती. दुपारी शाळेत पाढ्यांची परीक्षा होती, म्हणून दारात बसून ती अठराचा पाढा म्हणत होती. डोळे मिटून. डोळे उघडले तेव्हा माऊली दारात नव्हता.

महिन्याभरात त्यांनी ती खोली सोडली आणि इकडे आले. त्या दिवसापासून घरात माऊलीचं नाव कुणी घेतलं नाही. फोटो ट्रंकेत गेला. आईबापांना वाटलं, पोरीला आठवण नको, लेकरू आहे, विसरून जाईल. पोरीला वाटलं, आपल्याशी कुणी बोलत नाही कारण सगळ्यांना ठाऊक आहे की हे आपण केलं. ती दोन वर्षं शिक्षेची वाट बघत होती. शहाण्यासारखी वागत होती, म्हणजे शिक्षा जरा कमी होईल.

आईबाप समोर बसल्यावर स्वरूपा मॅडमनी तिला एवढंच सांगितलं, तुला जे विचारायचंय ते आता विचार. मग तेजलने विचारलं, "आई, तू मला कधी मारणार?"

कस्तुराने पोरीला ओढून कवटाळलं, आणि ती किंकाळी मला व्हरांड्यात ऐकू आली. ती म्हणत होती, "तुला का मारू गं? टाकीवरचं झाकण मी अर्धवट ठेवलं होतं! बस आली होती, मी पळाले. मीच मारलं त्याला!" आणि तो बाप, तोपर्यंत खाली मान घालून बसलेला, म्हणाला, "त्या दिवशी माझी सुट्टी होती. ओव्हरटाइम मिळतोय म्हणून मी गेलो. घरी असतो तर झालंच नसतं."

दहा बाय दहाच्या एका खोलीत तीन माणसं, दोन वर्षं, प्रत्येकजण आपणच खुनी आहोत असं समजून एकमेकांना जेवायला वाढत होती! आणि त्यातल्या सगळ्यात लहान माणसाने हिंमत करून एका कागदावर ते लिहिलं, तर आम्ही काय केलं? आम्ही तिची चूक सुधारली.

साडेपाचला ती तिघं निघाली. पोरगी मधे, दोन्ही हात दोघांनी धरलेले. स्वरूपा मॅडमनी त्यांना पुढच्या शनिवारी बोलावलं, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. गेल्याच आठवड्यात अंबुबाई सांगत होत्या की पोरीने अर्धं ताट खाल्लं. अर्धंच. लगेच सगळं नीट होत नाही, असं मॅडम म्हणतात, आणि ते खरं असणार.

बुधवारी हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अंबुबाईंना नोटीस टाईप करा म्हणाले. शैक्षणिक कामात हस्तक्षेप आणि गोपनीय कागदाचा गैरवापर. मी म्हटलं, "सर, कागद मी दिला. माझ्या नावाने करा." आणि त्यांच्यासमोर दुसरं पत्र ठेवलं, जे मी सकाळीच टाईप केलं होतं. वरच्या कार्यालयाला. आमच्या शाळेने भरलेले सगळे फॉर्म पालकांना न विचारता, खोटे भरले आहेत, ते रद्द करून पुन्हा भरू द्यावेत. खाली माझी सही. अंबुबाईंची नोटीस मी टाईप केलीच नाही. त्या पत्रासाठी माझी चौकशी लागलीय, लागू दे. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, काय करतील ते करोत.

त्या पत्रावर दुसरी सही कुणी केली असेल? वर्षाली मॅडमनी. डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, "माझ्या वर्गाचे फॉर्म मी पुन्हा भरते, भाऊसाहेब. वरचे परवानगी देवोत की न देवोत." आणि खरंच बाई बसल्या. रोज चार पोरं, आईबापांच्या शिफ्टच्या वेळा बघून, कधी शाळा सुटल्यावर, कधी सकाळी सातला, कधी रविवारी. अठ्ठावन्न पोरांत वीसच्या वर गुणांची अकरा निघाली. त्यात पहिल्या यादीतली दोनच होती. उरलेली नऊ आमची गुणी बाळं.

महिना झाला, कार्यालयाचं उत्तर नाही. शेवटी परवा मी फोन लावला. कुणीतरी तरुण पोरगा होता, बोलायला नम्र. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊसाहेब, पोर्टल बंद झालंय, आता दुरुस्ती होत नाही. पुढच्या वर्षी नवीन फॉर्म येतीलच, तेव्हा बघू."

"पुढच्या वर्षी?" मी ओरडलो. बीपी गेलं खड्ड्यात. "अरे, आमच्या एका पोरीने भावाच्या मरणाचं ओझं दोन वर्षं डोक्यावर वागवलंय, आणि तुझ्या त्या पोर्टलवर तिचे गुण शून्य दिसतायत! उद्या ती दुसऱ्या शाळेत गेली तर तिथले बघतील आणि म्हणतील, हिला काही झालेलं नाही. तेवढं एक तरी बदल!"

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बघतो. विद्यार्थ्याचा नंबर सांगा."

नंबर माझ्यासमोर नव्हता. मी म्हटलं, "तेजल. सहावी. लिहून घे, तेजल."

"नावाने शोधता येत नाही, भाऊसाहेब," तो म्हणाला.